एकच जात, दोन घराणी: कुत्र्यांमधील शो लाइन आणि वर्किंग लाइन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याची जात ठरली म्हणजे पिल्लाची निवड झाली, असे बरेच जण समजतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बॉर्डर कॉली, कॉकर स्पॅनियल अशा कित्येक जातींच्या बाबतीत मात्र पिल्लाचे आईवडील कोणत्या घराण्यातले आहेत, यावर त्याच्याबरोबरची पुढची दहा-बारा वर्षे कशी जातील हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. पिल्लू घेऊ पाहणाऱ्यांकडून, आणि घेतल्यानंतर गोंधळलेल्या मालकांकडूनही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

शो लाइन आणि वर्किंग लाइन म्हणजे नेमके काय?

पैदाशीसाठी कोणता नर आणि कोणती मादी घ्यायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ज्या निकषावर ठरत आले, त्यावरून लाइन ठरते. शो लाइनमध्ये हा निकष म्हणजे जातीचे लिखित मानक: डोक्याची घडण, दातांची ठेवण, उंची, केसांचा पोत, रंग, उभे राहण्याची ढब आणि प्रदर्शनाच्या रिंगमध्ये (परीक्षकासमोरच्या रिंगणात) धावतानाची चाल. वर्किंग लाइनमध्ये निकष म्हणजे काम: मेंढ्या वळवणे, पाण्यात पडलेला पक्षी न चिरडता उचलून आणणे, माग काढणे, बर्फावरची गाडी ओढणे, पोलिसांसोबत राबणे, किंवा या कामांवर बेतलेल्या परीक्षा उत्तीर्ण होणे. दोन्हीकडचे कुत्रे शुद्ध जातीचेच असतात, बहुधा एकाच नोंदणीपुस्तकात नोंदलेले असतात आणि कागदावर त्यांच्या जातीचे नावही एकच असते.

ज्या गुणाची परीक्षा कधी घेतली जात नाही तो गुण, कोणी मुद्दाम घालवला नाही तरी, पिढ्यांमागून पिढ्या विरळ होत जातो. शो लाइनमध्ये कामाची ओढ अशीच ओसरली आणि वर्किंग लाइनमध्ये दिसण्यातला सारखेपणा असाच मागे पडला. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच नियम आहे.

हा फरक केव्हा आणि कशामुळे पडला?

१८५९ साली ब्रिटनमधील न्यूकासल अपॉन टाइन येथे भरलेले प्रदर्शन हे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन मानले जाते. तेथे पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांनाच प्रवेश होता आणि विजेत्यांच्या मालकांना बक्षीस म्हणून बंदुका मिळाल्या, यावरून त्या वेळी प्रदर्शनातला कुत्रा आणि रानातला कुत्रा हे दोन वेगळे प्राणी नव्हते, हे लक्षात येते. १८६५ साली बेडफर्डशरमधील साउथिल येथे शिकारी कुत्र्यांची मैदानी स्पर्धा झाली. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब ही जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी वेल्समधील बाला येथे मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची, ब्रिटनमधली पहिली नोंद असलेली स्पर्धा भरली. दिसण्याची परीक्षा एकीकडे आणि कामाची परीक्षा दुसरीकडे, अशा दोन वाटा येथून रुळल्या.

सुरुवातीला काही कुत्रे दोन्ही वाटांवर चालत. लॅब्राडोरमधला पहिला ड्युअल चॅम्पियन बँकरी बोलो हा १९२० च्या दशकात रिंगमध्येही जिंकला आणि मैदानावरही. पण दोन्हीकडची स्पर्धा चुरशीची होत गेली तशी प्रत्येक बाजूला केवळ त्याच परीक्षेसाठी जोपासलेले कुत्रे पुढे येऊ लागले, आणि दोन्ही बाजूंना बरा असणारा कुत्रा कोणत्याच बाजूला पहिला येईनासा झाला. फारकत अशी हळूहळू झाली. तिच्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता.

सर्वच जातींमध्ये अशा दोन लाइन असतात का?

नाही. जी जात मुळातच मांडीवर बसवण्यासाठी जोपासली गेली तिच्यात असा भेद संभवत नाही. ज्या जातींना अजूनही खरे काम आहे आणि ज्या प्रदर्शनातही लोकप्रिय आहेत, त्यांच्यात तो सर्वांत ठळक दिसतो. इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल, कॉकर, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, बॉर्डर कॉली, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉ, सायबेरियन हस्की आणि ग्रेहाउंड ही त्याची परिचित उदाहरणे होत. ऑस्ट्रेलियातल्या केल्पी या मेंढ्या हाकणाऱ्या जातीच्या बाबतीत तर कामाचे केल्पी आणि प्रदर्शनातले केल्पी यांची नोंदणीही वेगवेगळ्या संस्थांकडे होते.

कुत्रा नुसता पाहून त्याची लाइन ओळखता येते का?

काही जातींमध्ये सहज येते. शो लाइनचा लॅब्राडोर रुंद डोक्याचा, भरदार छातीचा, आखूड वाटणाऱ्या पायांचा असतो आणि त्याची शेपटी बुंध्याशी जाड, पाणमांजराच्या शेपटीसारखी असते. मैदानी, म्हणजे कामाच्या, लाइनचा लॅब्राडोर सडपातळ, उंच पायांचा, अरुंद चेहऱ्याचा असतो. त्याला पाहून पुष्कळ लोक तो संकरित असावा असे समजतात आणि त्याच्या मालकाला नाहक खुलासे करत बसावे लागते. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये शो लाइनचे केस लांब, दाट आणि बहुधा फिकट रंगाचे असतात, तर कामाच्या लाइनचे केस आखूड आणि रंग गडद सोनेरी ते तांबूस असतो.

स्प्रिंगर स्पॅनियलचे दोन नमुने शेजारी उभे केले तर ते एकाच जातीचे आहेत हे अनोळखी माणसाला पटणार नाही. शो लाइनच्या स्प्रिंगरचे कान लांब आणि खाली लागलेले असतात, ओठ लोंबते, पायांवर आणि पोटाखाली केसांची दाट झालर असते आणि अंगावरच्या पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांची मांडणीही जोखलेली असते. कामाचा स्प्रिंगर अंगाने हलका असतो; कान आखूड आणि वर लागलेले, झालर विरळ, आणि शेपटी थांबायचे नाव घेत नाही. काटेरी झुडपांतून दिवसभर घुसणाऱ्या कुत्र्याला दाट झालर अडचणीची ठरते. तिच्यात कुसळे अडकतात, चिखल वाळून गाठी होतात, आणि म्हणून कामाच्या बाजूने ती आपोआप गळत गेली.

दिसण्यावरून काढलेला निष्कर्ष तरीही अंदाजच असतो. खात्री वंशावळीच्या कागदावरूनच करावी.

जर्मन शेफर्डची पाठ मागे उतरती असते, ती शो लाइनमुळे का?

या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देणे भाग आहे. माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन अधिकाऱ्याने १८९९ साली होरांड फॉन ग्राफराथ हा कुत्रा विकत घेऊन जातीची संघटना स्थापन केली, तेव्हा त्याच्या मते या जातीत उपयुक्तता हाच मुख्य गुण होता. जर्मनीतली ही मूळ संघटना आजही पैदाशीच्या रीतसर परवानगीसाठी शो लाइनच्या कुत्र्यांकडूनही कामाची परीक्षा मागते. असे असूनही प्रदर्शनाच्या बाजूने मागच्या पायांचा बाक आणि पाठीचा उतार दशकानुदशके वाढत गेला, कारण लांब, तरंगत्या दुडकीची चाल परीक्षकांच्या नजरेत भरे. २०१६ साली क्रफ्ट्स या प्रदर्शनात या जातीत सर्वोत्तम ठरलेल्या मादीची चाल दूरचित्रवाणीवर पाहून प्रेक्षकांनी मोठ्या प्रमाणावर आक्षेप घेतला आणि हा विषय जाणकारांच्या वर्तुळाबाहेर गेला.

छायाचित्रांवर मात्र फार विसंबू नये. प्रदर्शनात कुत्र्याला उभे करताना एक मागचा पाय लांब मागे आणि दुसरा पोटाखाली घेतात, त्यामुळे सरळ पाठीचा कुत्राही उतरता दिसतो. कुत्रा मोकळा चालताना मागून पाहावा: मागचे सांधे एकमेकांकडे झुकतात का, पाय डगमगतात का, हे पाहिल्यावर फोटोतून न कळणारे बरेच काही कळते.

वर्किंग लाइनमध्येही एकच एक नमुना नाही. पश्चिम जर्मनीतली कामाची लाइन, पूर्व जर्मनीत सीमेवर राबलेल्या कुत्र्यांची लाइन आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सीमारक्षक दलाच्या पैदाशीतून आलेली लाइन यांच्या स्वभावात आणि बांध्यात फरक मानला जातो. रंगाने पाहता शो लाइनमध्ये काळी पाठ आणि तांबूस अंग हा नमुना जवळजवळ सर्वत्र आढळतो, तर वर्किंग लाइनमध्ये करडा, काळपट छटेचा रंग अधिक दिसतो. मानकानुसार नराची उंची ६० ते ६५ सेंटिमीटर आणि वजन ३० ते ४० किलो असावे. ‘राक्षसी आकाराचा खरा वर्किंग लाइन शेफर्ड’ अशी जाहिरात जो करतो, त्याच्याकडे दोन्हींपैकी कोणतीच लाइन नसण्याची शक्यता अधिक असते.

स्वभावात खरोखर फरक असतो का, की हे सारे सांगोवांगीचे आहे?

फरक असतो, आणि तो मोजला गेला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात ३१ जातींच्या १३,०९७ कुत्र्यांच्या वर्तन-चाचण्या तपासल्या होत्या. जातीचे शंभर वर्षांपूर्वीचे काम आणि तिचा आजचा स्वभाव यांत या अभ्यासाला संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो अलीकडच्या निवडीशी. ज्या जातींचा वापर प्रदर्शनांत जास्त, त्यांच्यात भित्रेपणा अधिक आणि खेळकरपणा व कुतूहल कमी. ज्यांचा वापर कामाच्या स्पर्धांत जास्त, त्यांच्यात खेळकरपणा आणि आक्रमकता दोन्ही अधिक. हा अभ्यास जातीजातींमधला होता, तरी निवड बदलली की स्वभाव थोड्या पिढ्यांत बदलतो हे त्यातून स्पष्ट दिसते.

याला दुसरी बाजूही आहे. २०२२ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळवलेल्या माहितीवर आधारलेल्या संशोधनात असे दिसले की दोन कुत्र्यांच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो. जातीच्या नावावरून एखाद्या विशिष्ट कुत्र्याचे भाकीत करता येत नाही, ते त्यामुळेच. लाइन कळली तर अंदाज जरा बरा होतो आणि प्रत्यक्ष आईवडील पाहिले तर आणखी बरा, पण खात्री कोणीच देऊ शकत नाही.

बॉर्डर कॉलीबाबत हा वाद इतका तीव्र का आहे?

कारण या जातीत कामच जातीची व्याख्या होते. १८९३ साली नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प हा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जातो. मेंढ्यांवर न भुंकता, न चावता, केवळ शांत दबावाने कळप हलवण्याची त्याची पद्धत पुढे सर्वांनी उचलली. १९०६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शीपडॉग संघटनेने कुत्र्याचे मोल त्याच्या कामावरून ठरवले; कान उभे की पडके, केस आखूड की लांब, याची पर्वा केली नाही.

काम करणारी कॉली जवळून पाहिली की हे का, ते समजते. धन्याच्या एका शिट्टीवर ती सरळ मेंढ्यांकडे धावत नाही. मैदानाच्या कडेने मोठा गोल वळसा घालून कळपाच्या पलीकडे पोहोचते आणि तेथे थबकते. मग डोके खांद्यांच्या खाली, मान पुढे, एक पुढचा पाय अर्धवट उचललेला, आणि नजर एका मेंढीवर रोखलेली. ती मेंढी वळते आणि तिच्यामागे सारा कळप वळतो. कळप बिचकू नये म्हणून किती अंतर राखायचे, हे कुत्रा स्वतः ठरवतो. ही नजर, हा वळसा आणि धन्याचे ऐकत असतानाही स्वतः निर्णय घेण्याची ही कुवत रिंगमध्ये दोन मिनिटे धावून दिसत नाही. म्हणूनच अमेरिकन केनेल क्लबने १९९५ साली या जातीला प्रदर्शनासाठी पूर्ण मान्यता दिली, तेव्हा कामाच्या बाजूच्या लोकांनी कडवा विरोध केला. अमेरिकेतील बॉर्डर कॉली संघटना आजही प्रदर्शनात चॅम्पियन ठरलेल्या कुत्र्याचे नाव आपल्या नोंदवहीतून काढून टाकते. हा नियम अनेकांना टोकाचा वाटतो. मला तो जातीच्या जिवासाठी योग्य वाटतो.

वर्किंग लाइनचे कुत्रे आक्रमक असतात का?

कामाची ओढ आणि आक्रमकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संरक्षणाच्या परीक्षेत कुत्रा माणसाच्या बाहीवर झेपावतो, पण त्याच परीक्षेत सांगताक्षणी सोडणे आणि शांत उभे राहणे यालाही गुण असतात. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण अशा तीन भागांची, प्रत्येकी १०० गुणांची आयजीपी नावाची ही परीक्षा मुळात कुत्र्याच्या मनाचा तोल पाहण्यासाठी आहे, आणि भित्रा कुत्रा तीत टिकत नाही.

२००८ सालच्या एका अभ्यासात शो लाइनचे इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल हे मैदानी लाइनच्या स्प्रिंगरपेक्षा माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर अधिक आक्रमक आढळले. लॅब्राडोरमध्ये मात्र मालकाबाबतच्या आक्रमकतेचे चित्र नेमके उलटे निघाले. प्रत्येक जातीचा इतिहास निराळा आहे, त्यामुळे एका जातीवरून दुसरीचे अनुमान काढू नये.

वर्किंग लाइनचे कुत्रे अधिक निरोगी असतात, हे खरे आहे का?

अंशतः खरे आहे. काम करणाऱ्या कुत्र्याला श्वास पुरला पाहिजे आणि सांधे साथ देणारे पाहिजेत, त्यामुळे शरीररचनेतला अतिरेक कामाच्या बाजूला टिकत नाही. पण कामातून न दिसणारे आनुवंशिक दोष तेथेही तसेच पुढे जातात. लॅब्राडोरमध्ये पाच ते पंधरा मिनिटांच्या जोरदार धावपळीनंतर मागचे पाय लुळे पडण्याचा एक आजार आहे. त्याला कारणीभूत जनुकीय बदल २००८ साली सापडला, तो मैदानी स्पर्धांच्या लाइनमध्ये चांगलाच पसरलेला होता आणि शो लाइनमध्येही आढळतो. तो अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आला तरच कुत्रा आजारी पडतो, आणि साध्या जनुकीय चाचणीने वाहक ओळखता येतो. ही चाचणी उपलब्ध असताना ती न करता पैदास करणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

एखादा नर स्पर्धा जिंकू लागला की सर्वांना त्याचीच पिल्ले हवी असतात. हा मोह दोन्ही बाजूंना सारखाच आहे, आणि त्यातून जनुकांची विविधता घटण्याचा धोकाही सारखाच आहे.

निवडीसोबत नको ते गुणही कसे येतात, याचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. लॅब्राडोरच्या अनावर भुकेशी जोडलेला एक जनुकीय बदल २०१६ साली केंब्रिजमधील संशोधकांनी दाखवून दिला. सर्वसाधारण लॅब्राडोरांपैकी सुमारे एक चतुर्थांशात तो आढळला. अपंग व्यक्तींना साहाय्य करणाऱ्या, पैदाशीसाठी निवडलेल्या लॅब्राडोरांच्या गटात मात्र सुमारे तीन चतुर्थांशांत. खाऊसाठी झटणारा कुत्रा लवकर शिकतो, म्हणून नकळत तोच पुढे निवडला गेला असावा, हा त्यामागचा तर्क पटण्यासारखा आहे.

घरात पाळण्यासाठी कोणती लाइन घ्यावी?

हा प्रश्न कुत्र्यावरून न सोडवता स्वतःच्या दिवसाकडे पाहून सोडवावा. घरातली माणसे सकाळी बाहेर पडून संध्याकाळी थकून परतत असतील, कुत्र्याला दोन वेळा फिरवून आणणे आणि सुटीच्या दिवशी थोडे खेळणे एवढेच जमणार असेल, तर चांगल्या, तपासलेल्या शो लाइनचे पिल्लू बहुतेक घरांना अधिक मानवते. तेही जिवंत, खेळकर जनावरच असते, पण काही घडत नसेल तर पंख्याखाली पाय ताणून झोपू शकते.

वर्किंग लाइनच्या आठ महिन्यांच्या शेफर्डची रात्री नऊ वाजताची अवस्था डोळ्यांसमोर आणावी. फिरणे झाले आहे, जेवण झाले आहे, घरातले सारे बसले आहेत. तो चेंडू आणून पायाशी टाकतो. दुर्लक्ष केले तर चेंडू नाकाने ढकलतो. मग एक भुंकणे, मग पायातली चप्पल घेऊन दुसऱ्या खोलीत पळ, आणि मागे कोणी आले नाही तर दारात येऊन पुन्हा पाहणे. हा खोडकरपणा नव्हे. कितीतरी पिढ्या थकूनही न थांबणारेच कुत्रे निवडले गेले, त्याचे हे फळ आहे. ज्या घरात रोज शिकवायला, माग काढण्याचे किंवा आज्ञापालनाचे काम द्यायला कोणी आहे, त्या घरात असा कुत्रा म्हणजे मोठे सुख असते. जेथे कोणी नाही, तेथे वर्षा-दीड वर्षात त्याला दुसऱ्या घरी पाठवण्याची वेळ येते आणि दोष मात्र कुत्र्याच्या माथी लागतो. असे होताना पाहणे फार क्लेशदायक असते, कारण पिल्लू घेण्यापूर्वीच्या एका प्रामाणिक संभाषणाने ते टळू शकले असते.

भरपूर पळवले की वर्किंग लाइनचा कुत्रा शांत होतो ना?

नुसत्या पळवण्याने त्याचा दम वाढतो, आणि काही महिन्यांनी त्याला थकवायला दुप्पट पळवावे लागते. डोके वापरायला लावणारे वीस मिनिटांचे काम, उदाहरणार्थ लपवलेली वस्तू वासावरून शोधणे, हे तासभर चेंडू फेकण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. त्याचबरोबर काही न करता स्वस्थ बसणेही लहानपणापासून शिकवावे लागते. या कुत्र्यांना ते आपसूक येत नाही.

शो लाइनचा कुत्रा काम करू शकतो का?

पुष्कळदा करू शकतो. आज्ञापालन, वासाची कामे, रुग्णालयातल्या भेटी, हलके माग काढणे, यांत शो लाइनचे अनेक कुत्रे उत्तम ठरतात, आणि त्यांचा ठहराव तेथे उपयोगीच पडतो. अडचण येते ती दीर्घ, कष्टाच्या आणि अडथळ्यांच्या कामात, जेथे चौथ्या तासालाही पहिल्या तासाइतकीच ओढ लागते.

‘चॅम्पियन ब्लडलाइन’ असे जाहिरातीत लिहिले असेल, तर त्याचा अर्थ काय घ्यावा?

तेवढ्यावरून काहीच अर्थ घेऊ नये. चॅम्पियन कशात, आणि पिल्लापासून किती पिढ्या मागे, हे विचारावे. खापरपणजोबा चॅम्पियन असणे आणि आईवडील दोघेही परीक्षेत उतरलेले असणे यांत फार अंतर आहे. ब्रिटनमध्ये शिकारी गटातला कुत्रा केवळ रिंगमध्ये जिंकला तर ‘शो चॅम्पियन’ ठरतो. नुसते ‘चॅम्पियन’ म्हणवून घेण्यासाठी त्याला मैदानावरही पात्रता सिद्ध करावी लागते, तर ‘फील्ड ट्रायल चॅम्पियन’ हा किताब मैदानी स्पर्धांतूनच मिळतो. शेफर्डच्या वंशावळीत आयजीपी आणि पुढे १, २ किंवा ३ हा आकडा दिसला तर ती कामाची परीक्षा होय. व्हीए, व्ही, एसजी ही प्रदर्शनातली श्रेणी होय.

बाजारात विकली जाणारी बहुसंख्य पिल्ले या दोन्ही लाइनींत बसत नाहीत, हेही येथे स्पष्ट सांगायला हवे. त्यांच्या आईवडिलांना कोणी रिंगमध्ये नेलेले नसते, मैदानावर नेलेले नसते आणि त्यांच्या खुब्याचे एक्स-रेही काढलेले नसतात. ती प्रेमळ असू शकतात, पण त्यांच्यासाठी ‘लाइन’ हा शब्द वापरून जास्त दाम मागणे चूक आहे.

दोन्ही लाइनींचा संकर केला तर दोन्हींचे उत्तम गुण मिळत नाहीत का?

मिळू शकतात, पण ठरवून मिळत नाहीत. एकाच वेतातले एक पिल्लू बापासारखे धगधगते आणि दुसरे आईसारखे संथ निघू शकते, आणि अंगाने जड पण ओढीने अनावर असे पिल्लूही जन्माला येऊ शकते, ज्याचे सांधे त्याच्या उत्साहाला पुरे पडत नाहीत. असा संकर अनुभवी ब्रीडरने, प्रत्येक पिल्लाचे घर नीट जुळवण्याच्या तयारीनेच करावा.

दोन्ही गुण टिकवण्याचा अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे पैदाशीपूर्वी दोन्ही परीक्षा सक्तीच्या करणे. जर्मन वायरहेअर्ड पॉइंटरची मूळ जर्मन संघटना, जेथे ही जात डॉइच-ड्राटहार म्हणून ओळखली जाते, हेच करते. शिकारीच्या चाचण्या, बांधा आणि केसांचे मूल्यमापन यांत न उतरलेल्या कुत्र्याची पिल्ले तेथे नोंदली जात नाहीत. त्या जातीत मोठी फूट पडली नाही, यामागे ही शिस्त आहे.

ब्रीडरला भेटायला गेल्यावर काय विचारावे, काय पाहावे?

पहिला प्रश्न असा असावा: ‘या दोघांचीच जोडी तुम्ही का लावली?’ चांगला ब्रीडर यावर सविस्तर बोलतो. आईत काय उणे होते, बापाकडून काय अपेक्षित होते, मागच्या वेतातली पिल्ले आज कोणत्या घरी काय करत आहेत, हे तो न विचारता सांगतो. ज्याच्या उत्तरात ‘दोघेही फार सुंदर आहेत’ याच्या पलीकडे काही नसते, त्याच्याकडून निघून यावे. त्यानंतर खुब्याच्या आणि कोपराच्या तपासण्यांचे, डोळ्यांच्या तपासणीचे आणि जातीला लागू असलेल्या जनुकीय चाचण्यांचे कागद स्वतः पाहावेत. तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

आईला तिच्या जागी पाहणे मात्र सर्वांत महत्त्वाचे. अनोळखी माणूस आत आल्यावर ती काय करते? क्षणभर सावध होऊन, वास घेऊन, धन्याकडे पाहून सैल पडणारी मादी चांगली. कोपऱ्यात दबून गुरगुरणारी, किंवा पाच मिनिटांनंतरही येरझारा घालत राहणारी मादी पाहिली, तर पिल्ले कितीही गोंडस असोत, थांबावे. आई दाखवायलाच नकार मिळाला, तर बोलणे तेथेच संपवावे.

आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या चाचणीवरून पुढचा स्वभाव कळतो का?

फार थोडा कळतो. त्या वयातल्या एका दिवसाच्या चाचणीत झोप, भूक आणि नुकतेच झालेले लसीकरण यांचाही परिणाम दिसतो. ज्या ब्रीडरने वेत जन्मापासून रोज पाहिले आहे, त्याचे निरीक्षण चाचणीपेक्षा अधिक भरवशाचे असते. म्हणून घरची परिस्थिती त्याला खरी सांगावी आणि पिल्लाची निवड बऱ्याच अंशी त्याच्यावर सोपवावी.

आमच्याकडे आलेला कुत्रा आमच्या घराला फार जड जात आहे. आता काय करावे?

प्रथम पशुवैद्याकडून दुखणे नसल्याची खात्री करून घ्यावी, कारण सांधेदुखी किंवा पोटाचा त्रास असलेला कुत्राही अस्वस्थ आणि चिडका होतो. त्यानंतर त्या जातीच्या कामाची खरी माहिती असलेल्या प्रशिक्षकाला गाठावे. केवळ दाबून शांत करणाऱ्याला नव्हे. स्पॅनियलला वासाचे काम, रिट्रीव्हरला वस्तू उचलून आणण्याचे, शेफर्डला माग काढण्याचे, असे त्याच्या घराण्याला साजेसे काम दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या शेवटासह दिले, तर बहुतेक घरांत काही आठवड्यांत फरक दिसू लागतो.

तेही जमण्यासारखे नसेल, तर ब्रीडरला कळवावे. जबाबदार ब्रीडर आपले पिल्लू कोणत्याही वयात परत घेतो किंवा त्याला योग्य घर शोधून देतो, आणि बऱ्याच जणांच्या करारात तशी अटही असते. वर्किंग लाइनचा तरुण, निरोगी कुत्रा शोधपथकांना, क्रीडास्पर्धांत उतरणाऱ्यांना किंवा पशुपालकांना हवा असतो. दीड-दोन वर्षांच्या वयातही तो नव्या धन्यासोबत काम शिकू शकतो, म्हणून हा निर्णय वर्षानुवर्षे लांबवू नये.